कोपऱ्यातले हळू जीव

शालू, तुला जाऊन आज बावीस दिवस झाले, आणि तू गेल्यापासून आज पहिल्यांदा मी तुझा लॅपटॉप उघडला.

दारावर बसायला येणाऱ्या बाया आता यायच्या थांबल्या आहेत. दिनेश सुरतेहून आला होता. आत्याचं सगळं पोटच्या पोरासारखं केलं त्याने, तेरावं झाल्यावर गेला. निघताना म्हणाला, "आई, हा लॅपटॉप घेऊन जाऊ का? इथे कोण वापरणार आता?" मी म्हटलं, "मी." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीची चेन लावली. हसला नाही, एवढं बरं केलं.

तर उघडला. हौसेने नाही उघडला, सांगून ठेवते. एक चोरी पुसायला उघडला. माझी चोरी. तुला सांगायची राहून गेलेली. पण ती अशी एकदम सांगता येणार नाही, मला कुठलीच गोष्ट एकदम सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहे. "वहिनी, तू आदी मुद्दावर ये," असं तू म्हणायचीस आणि मी मुद्दाम चहा टाकायला उठायची.

तू शाळेच्या नोकरीतून सुटलीस, शहाद्याची खोली सोडून कळसाडीला माझ्याकडे आलीस, तेव्हा मला वाटलं होतं, आता दोघी मिळून पापड करू, वाल सोलू, तुझ्या भावाच्या आठवणी काढू. तू आलीस ती हे यंत्र घेऊन. तिसऱ्या दिवशी ओसरीत मांडलंस आणि म्हणालीस, "वहिनी, आपण एक जग करू." मी विचारलं, "आहे ते कमी पडलं का?"

मला काय ठाऊक होतं? मी सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद आणि ग्रामपंचायतीचा पेपर वाचून. तू हिंदीतले व्हिडिओ मोबाइलवर लावायचीस, दोघी एका पाटावर बसून बघायचो, तो मुलगा भराभर बोलून जायचा आणि तू त्याला थांबवून थांबवून वहीत उतरवून घ्यायचीस. पायथन नावाची ती कॉम्प्युटरची भाषा. तुझे डोळे अधू आणि माझी बोटं जाड, तरी आपली वाटणी झाली: वाचायचं मी, सांगायचं तू, टाइप करायचं मी एका बोटाने. आणि ओळ संपली की तू ओरडायचीस, "कंस बंद!" शेवटी शेवटी मी आमटीला फोडणी दिली तरी तू माजघरातून ओरडायचीस, "कंस बंद!"

काळ्या पडद्यावर साठ गुणिले साठ घरं. हिरवा ठिपका म्हणजे गवत. पांढरा ठिपका म्हणजे जीव. एक पाऊल चाललं की त्याच्या पोटातलं एक कमी. गवत खाल्लं की चार वाढले. पोटात वीस झाले की त्याचे दोन होणार. शून्य झालं की मेला. आणि प्रत्येकाची एक चपळाई, एक ते नऊ. पोराची चपळाई आईपेक्षा एखाद्या आकड्याने कमी किंवा जास्त. बस, एवढंच. एवढंच लिहायला आपल्याला पावसाळा पुरला. पहिल्यांदा ते ठिपके हलले, तेव्हा तू टाळी वाजवलीस आणि मी देवाजवळ साखर ठेवली.

शेजारची इंदू कुंपणावरून विचारायची, "काय वं, तुम्हना किडा काय म्हनतस आज?"

"वाढी ग्यात," तू सांगायचीस, अगदी गंभीरपणे, "काल तीनशे होतात, आज चारशे शेतस."

"मंग यास्ले कापूस येचाले धाडा," ती म्हणायची.

आणि आपली भांडणं! मी जीवांना नावं ठेवायची. चंपी, भोळ्या, तो एक सारखा भिंतीला धडकणारा, त्याचं नाव मी तुझ्या भावाच्या एका मित्राचं ठेवलं होतं. तू चिडायचीस. "नावं कसाले ठेवस? नंबर दे." शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली तू, बाटल्यांनासुद्धा नंबर. मग दुसरं भांडण, म्हातारपणाचं. तुला नियम घालायचा होता की दोनशे पावलं झाली की जीव आपोआप मरावा. मी म्हटलं, भूक लागून मेला तर समजतं, पण पोट भरलेलं असताना नुसतं वय झालं म्हणून? तू म्हणालीस, "असंच असतं वहिनी." मी म्हटलं, "बाहेर असतं. आपल्या जगात कशाला?" ते भांडण तू अर्धंच टाकून गेलीस. तो नियम अजून लिहिलेला नाही, बघ. मी आता एकटीने तो लिहिणारही नाही.

तुझी ती वही. शाळेत पोरं प्रयोगवही लिहितात तशीच आखलेली: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'तपासणाराची सही'. पहिल्या दिवशी तू मला पेन दिलंस. मी म्हटलं, "मी काय तपासणार? मला काय कळतं?" तू म्हणालीस, "तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगांची भांडी मांडली आणि धुतली. सही सर करायचे. आता प्रयोग मन्हा, सही तुन्ही." तुझा कायदा कडक होता: तपासणाराने सही केल्याशिवाय निष्कर्षाच्या जागी एक अक्षर लिहायचं नाही. मी प्रत्येक पानावर सही केली. शाळेच्या दाखल्यावर शिकले होते तशी, एकेक अक्षर सुटं.

मग ते गवताचं झालं. आधी तू गवत कुठेही उगवू दिलं होतंस, आकाशातून पडल्यासारखं. मी एकदा म्हटलं, "असं कुठे असतं का गं? हराळी बघ. शेजारी मूळ असेल तरच पुढे सरकते. एकदा पार खणून काढली की त्या जागी उगवत नाही." तू चष्मा काढलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "वहिनी, हाई तू आदी का नहीं सांगं?" मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी! माझा नियम जगात गेला. जग दहा झालं, मग जग अकरा. प्रत्येक बदलाला तू नवी फाईल करायचीस.

आणि माझ्या नियमाने सगळे मरायला लागले. भराभर वाढायचे, गवत मुळासकट संपवायचे, आणि पडदा काळा. परत चालवा, परत काळा. "बठ्ठा मरी ग्यात," तू वहीत मोजून लिहायचीस, तुला त्याचं काही वाटायचं नाही, तो तुझ्यासाठी प्रयोग होता. मला जेवण जाईना. तू हसशील, पण चंपी तीनदा मेली शालू, आणि तिन्ही वेळा माझ्या शहाणपणाने.

तुझी आई आठवते ना, दादर ज्वारी कापताना बांधाकडच्या एका कोपऱ्यातली तशीच उभी ठेवायची? "पाखरांची," म्हणायची. मजुरांनी चुकून विळा लावला तर धावत जायची. मी नवी सून, मला वाटायचं, काय हा हट्ट. ती गेल्यावर तो कोपरा मी राखला. शेत बटाईने दिलं तरी बटाईदाराला पहिली अट तीच सांगितली.

तर तू डोळे तपासायला शहाद्याला गेलीस तो दिवस. तू एसटीत बसलीस आणि मी लॅपटॉप उघडला. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने. एक ओळ लिहिली: दर दहा पावलांनी शून्य-शून्य या कोपऱ्यातल्या घरात आणि त्याच्या शेजारी मूठभर गवत टाक. आपोआप. कुणाला न विचारता. कंस बंद मी स्वतःच म्हटलं. फाईल जपून ठेवली, लॅपटॉप मिटला आणि वर टॉवेल जसा होता तसा घातला. तू संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालून आलीस, मी तुला वांग्याची भाजी वाढली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तू मला हाक मारलीस. दुपारची वेळ. मी भाकरीचं पीठ मळत होते.

"वहिनी, आठे ये. हाई देख."

पडदा जवळजवळ सगळा काळा होता. पण डाव्या बाजूच्या एका कोपऱ्यात हिरवं होतं, आणि त्या हिरव्यात पांढरे ठिपके, तीस-चाळीस असतील. मरत नव्हते. तू तीन दिवसांपासून तेच जग बंद न करता पुढे चालवत होतीस, मला न सांगता. तू एकेकाची चपळाई काढून दाखवलीस. एक, दोन, एक, एक, दोन. सगळे हळू. तू पडद्यावर बोट ठेवून सांगत होतीस. बाहेरचे चपळ होते, त्यांनी दिसेल ते खाल्लं आणि संपले. हे हळू. हे सगळं खाऊन संपवायच्या आत मागे पुन्हा गवत पसरतं. दोन्हीकडून भिंत आहे म्हणून बाहेरचा कुणी पटकन आत येत नाही. "आपण यास्ले सांगं नव्हतं," तू म्हणालीस. "आपण कुठेच लिहिलं नाही की थोडं मागे ठेवा. वहिनी, यास्ले कोनी शिकाडं?"

मला माहीत होतं कोणी शिकवलं ते. मी शिकवलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. शून्य-शून्य म्हणजे वरचा कोपरा की खालचा, हे मला तेव्हाही धड कळत नव्हतं. पण डावीकडचा कोपरा आणि हिरवळ म्हटल्यावर दुसरं काय असणार? माझंच मूठभर गवत.

तू वही पुढे केलीस. पान लिहून तयार होतं. इतकं सुंदर अक्षर तू आधीच्या कुठल्या पानावर काढलं नव्हतंस. निरीक्षणं सात. निष्कर्षाची जागा कोरी. "सही कर," म्हणालीस. "मग मी निष्कर्ष लिहिते. आणि हे पान आपल्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला नेते. पोरींना दाखवते. सरांनाही."

मी म्हटलं, "हात पीठना शेतस. मंग करसू."

तू हसलीस, थांबलीस. मी परातीकडे गेले. आणि तिथून, पाठमोरी, मी ते म्हटलं. "अगं, त्यात काय एवढं? आपलीच काही चूक झाली असेल लिहिण्यात. तू प्रदर्शनात नेशील आणि कुणी तरी चूक काढेल, मग हसतील सगळे. राहू दे."

चोरी पकडली जाईल म्हणून म्हटलं मी. तुझी फजिती होईल अशी भीती होती, हेही खरं आहे, पण आधी स्वतःची. वही मिटल्याचा आवाज आला फक्त. सही पुन्हा कधी मागितलीही नाहीस. मी रोज ठरवायची, आज सांगते: शालू, ते मीच केलं होतं, मला माफ कर. आणि रोज वाटायचं, सांगितलं तर तिचा आनंद पुरताच जाईल, निदान शंकेपुरता तरी राहू दे. बघ, मनाला कशी कारणं मिळतात.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं आणि धुळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दवाखान्यात एका दुपारी तुला जरा बरं वाटत होतं. मी संत्रं सोलत होते. तू वर बघत म्हणालीस, "त्या कोपरामा काहीच नव्हतं ना वं? तू म्हनी तेच खरं व्हई."

आत्ता, मी मनात म्हटलं. आत्ता सांग. तुझ्या हातात संत्र्याची फोड दिली आणि म्हटलं, "घे, बिया काढल्या आहेत."

एवढंच बोलले मी, शालू. चाळीस वर्षं तुला वेणीपासून पांढऱ्या केसांपर्यंत पाहिलं, गाव मला बोलकी म्हणतं, आणि जिथे बोलायचं तिथे मी बियांचं बोलले.

तर आज. सकाळी इंदू डबा घेऊन आली होती, जाताना उंबऱ्यात थांबली, म्हणाली, "आते त्या किडास्नं काय?" थट्टा नव्हती तिच्या आवाजात. ती गेली आणि मला वाटलं, निदान ती ओळ पुसून टाकावी. तुझं जग तरी तुझ्या नियमांचं राहू दे.

जग अकरा उघडलं, आपलं शेवटचं, त्या हिरव्या कोपऱ्याचं. वरपासून खालपर्यंत वाचलं, एकेका ओळीवर बोट ठेवून. माझी ओळ नाही. पुन्हा वाचलं. नाही.

वाटलं, तुला सापडली होती. तू ती काढून टाकलीस आणि मला बोलली नाहीस. दवाखान्यात जे म्हणालीस ते मला संधी द्यायला म्हणालीस. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली, दुसरी गेली. मग तूच शिकवलेलं आठवलं: आधी रडू नको, आधी तारीख बघ. फाईलीपुढे तारीख लिहिलेली असते. जग अकरा शेवटचं बदललं होतं ते तू शहाद्याला जाण्याच्या चार दिवस आधी. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. तूही नाही. मीही नाही.

मग माझी ओळ गेली कुठे?

यादी पाहिली आणि कपाळावर हात मारला. अगं, हे यंत्र आकडे आपल्यासारखे मोजत नाही! त्याने एकानंतर दहा लावलं आहे, मग अकरा, मग दोन, तीन, आणि सगळ्यात खाली नऊ. मी त्या दिवशी घाईत यादीतलं सगळ्यात खालचं उघडलं होतं. शेवटचं म्हणजे नवं, हा माझा हिशोब. माझी ओळ जग नऊमध्ये बसली आहे, आजही, व्यवस्थित, कंस बंद करून. जग नऊ आपण त्यानंतर कधी चालवलंच नाही. माझं मूठभर गवत एकदासुद्धा पडलं नाही शालू. एकाही जीवाने माझी एक काडी खाल्ली नाही.

तो कोपरा त्यांचा त्यांनी राखला होता. तुझं पान खरं होतं. सातही निरीक्षणं खरी होती.

मी उठून दारापर्यंत गेले. तुला सांगायला. खरंच, उंबऱ्यापर्यंत गेले, "शालू" असं तोंडातून निघालंही. बाहेर इंदूची शेळी बांधलेली होती, तिने वर बघितलं. मग परत आले.

मला माफ कर म्हणायचं होतं ते एका गोष्टीसाठी, आणि आता ते दुसऱ्याच गोष्टीसाठी म्हणावं लागतं आहे. आधी वाटायचं, मी तुला खोटा आनंद दिला. आता कळतं, मी तुझा खरा आनंद काढून घेतला. तो कुठे परत करायचा असतो, हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. दिनेशला फोन लावला होता, तो म्हणाला, "बरं आई, जेवलीस ना?" त्याची काही चूक नाही. ज्याने तो पडदा काळा होताना पाहिला नाही, त्याला हिरव्या कोपऱ्याचं काय सांगणार? आपल्या जगात दोनच माणसं होती. आता एक आहे, आणि तिला नीट वाचायला येतं पण पुढे काय लिहायचं ते सांगणारं कुणी नाही.

पण सही अशी आंधळी करायची नाही, हा तुझाच कायदा. म्हणून दुपारी मी जग अकरा नव्याने चालवलं. एकदा, दोनदा, तीनदा. वहीत तुझ्या पानाच्या पाठीमागे लिहिलं आहे, अक्षराला हसू नको. पहिल्या वेळी उजवीकडे खालच्या कोपऱ्यात हळू जीव टिकले, सव्वीस. दुसऱ्या वेळी सगळे मेले. तिसऱ्या वेळी पुन्हा डावीकडे, वरच्या कोपऱ्यात. सुरुवातीला नऊ होते, आता एकेचाळीस आहेत. म्हणजे दर वेळी जमतं असं नाही. पण जमतं. कुणी वरून न टाकता जमतं. दुसऱ्या वेळचंही मी लिहिलं आहे, लपवलं नाही. तू असतीस तर तेच आधी लिहायला लावलं असतंस.

नावं ठेवली नाहीत त्यांना. नंबर दिले. एकाला सोडून.

तिसरं जग अजून चालू आहे, समोर. ऊन ओसरीतून खाली उतरलं आहे. दादर यंदा चांगली आली आहे, बांधाकडचा कोपरा बटाईदार सोडणार आहे, त्याला पुन्हा सांगून आले. एकीकडे भाकरीचं पीठ काढून ठेवलं आहे, एकटीचं, दोन मुठी, पण अजून पाणी घातलेलं नाही. आधी वही घेतली. हात धुतले, पदराला पुसले, कोरडे झाले की नाही ते दोनदा बघितलं.

सही केली आहे, शालू. एकेक अक्षर सुटं.

आता निष्कर्ष लिही.